तिसऱ्या रांगेतले बाबा

नौपाड्यात आमचा छोटासा स्टुडिओ आहे. मी एडिटिंग बघते. त्या शनिवारी मशीनवर सहस्रचंद्रदर्शनाची फिल्म होती. कोपरीच्या एका आजींचा सोहळा दुसऱ्या दिवशी सकाळी होता. एकूण ८४ फोटो. पाळण्यातल्या पतवंडापासून ते आजींच्या वडिलांपर्यंत सगळे त्यात होते.

वडिलांचा मात्र एकच फोटो होता, तोही ग्रुप फोटो. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातले चाळीसेक कामगार तीन रांगांत उभे, खाली पांढऱ्या अक्षरांत १९६८. घरातला चौकटीतला फोटो चाळ रिकामी करताना गेला, तो गेलाच. नातवाने हा १२ बाय १० इंची फोटो नीट ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, स्कॅन करून पेन ड्राइव्हवर आणला होता.

कल्पना सुनेची. आधी अख्खा ग्रुप दिसावा, मग हळूहळू तिसऱ्या रांगेत जाऊन बाबांच्या चेहऱ्यावर थांबावं. मी झूम लावला. संध्याकाळी सून आजींना घेऊन बघायला आली.

पहिल्या दोन मिनिटांत आजी तीनदा हसल्या. मग ग्रुप फोटो आला, झूम सुरू झाला, आणि शेवटी पडद्यावर एक करडा डाग उरला. डोळे कुठे, मिशी कुठे, काही कळेना. आजी उठून मॉनिटरजवळ आल्या.

"हे बाबा का गं?"

"आजी, फोटो जुना आहे ना, याहून स्पष्ट नाही येणार." मी हे अगदी खात्रीने सांगितलं. आजही ते वाक्य आठवलं की वाईट वाटतं.

आजींनी काही न बोलता पिशवीतून जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला मूळ फोटो काढला, वर वाचायचं भिंग ठेवलं आणि मला म्हणाल्या, "बघ की. यात तर दिसतात." मी वाकून बघितलं. काळी टोपी, उजव्या भुवईत एक खाच, खिशाला अडकवलेलं पेन आणि त्या पेनाची चमकणारी क्लिप. चेहरा जेमतेम अर्ध्या इंचाचा, पण त्यात सगळं होतं. म्हणजे फोटो चांगला होता, चूक माझ्याकडे होती.

फाइलची माहिती उघडली. ७२०० बाय ६००० पिक्सेल! आपली फ्रेम, म्हणजे व्हिडिओच्या चित्राचं माप, १९२० बाय १०८०. प्रीमिअर प्रो या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आडवे-उभे फोटो आपोआप फ्रेममध्ये बसावेत म्हणून मी फार पूर्वी प्रेफरन्सेसमध्ये 'स्केल टू फ्रेम साइझ' लावून ठेवलं होतं. कामाची घाई असते, तेव्हा ते सोयीचं वाटतं. पण त्यात फोटो आत येतानाच फ्रेमच्या मापाला आणला जातो. ६००० पिक्सेलची उंची १०८० झाली, म्हणजे साडेपाच पट आक्रसली. बाबांच्या चेहऱ्याला मूळ स्कॅनमध्ये ३०० पिक्सेल होते, त्यांचे उरले ५४. आणि फोटो किती टक्के मोठा दिसतोय हे सांगणारा स्केलचा आकडा मात्र १०० दाखवत राहतो, त्यामुळे शंकाच येत नाही. मी ५०० पर्यंत झूम केला, तो त्या ५४ पिक्सेलांनाच ताणत होता.

त्याच्याच शेजारी दुसरा पर्याय होता, 'सेट टू फ्रेम साइझ'. तोही फोटो फ्रेममध्ये बसवतो, पण पिक्सेल तसेच ठेवून फक्त स्केलचा आकडा कमी करतो. तो लावल्यावर आकडा १८ झाला. तिथून ९० पर्यंत झूम केला तरी आपण शंभराच्या आतच, म्हणजे एकही पिक्सेल ताणलेला नाही.

"आजी, पाच मिनिटं बसा," म्हटलं आणि कीफ्रेम, म्हणजे झूम कुठे सुरू आणि कुठे संपणार त्या खुणा, नव्याने टाकल्या. या वेळी भुवईतली खाच दिसली. पेनाची क्लिपसुद्धा.

आजी खुर्चीच्या काठावर आल्या. "लेथवर काम करताना लागलं होतं त्यांना," एवढंच म्हणाल्या. सुनेलाही हे माहीत नव्हतं.

त्या गेल्यावर खरं काम सुरू झालं. पर्याय बदलला की आधीचे सगळे झूम बिघडतात, कारण त्यांचे आकडे आक्रसलेल्या फोटोवर मोजलेले असतात. एकेक फोटो पुन्हा हाताखालून घातला. आजींच्या लग्नातल्या फोटोत नऊवारीच्या काठाच्या बारीक रेघा झूममध्ये थरथरायला लागल्या. त्या फोटोला किंचित ब्लर दिला, तेव्हा काठ शांत झाला. आठ-दहा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले, आधीच लहान झालेले. त्यांना झूम दिलाच नाही, स्थिर ठेवले. तुमच्याकडे असं काम असेल, तर फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा, पिक्सेल जसेच्या तसे येतात.

लोक हमखास विचारतात, ७२ डीपीआय की ३००? व्हिडिओत त्या आकड्याला काही अर्थ नाही, तिथे फक्त पिक्सेल मोजले जातात. डीपीआयचा विचार स्कॅनरपाशी करायचा. या नातवाने ३०० वर स्कॅन केलं असतं, तर चेहऱ्याला १५० पिक्सेल मिळाले असते आणि मला अर्ध्या वाटेवर थांबावं लागलं असतं. तेवढं त्या मुलाचं श्रेय आहे.

रात्री दीडला एक्स्पोर्ट लावण्याआधी शेवटचा बदल केला. सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोला ठरलेले पाच सेकंद देतं. बाबांच्या फोटोला मी बारा सेकंद दिले. तेवढ्यासाठी सनईचा तुकडा पुढे सरकवावा लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुनेचा फोन आला. हॉलमध्ये फिल्म संपल्यावर आजींनी तो ग्रुप फोटो पुन्हा लावायला सांगितला, आणि बाबांच्या डावीकडच्या माणसाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे आमचे शेजारी. यांच्याकडेही फोटो नसणार. यांचाही मोठा करून द्या म्हणावं."

तो चेहरा मी सोमवारी काढून दिला.