गॅसच्या रांगेत शेतकरी कुठे उभा असतो?

मागच्या खरिपात काकांसाठी युरिया आणायला कृषी सेवा केंद्रात गेलो होतो. ४५ किलोच्या गोणीवर २६६ रुपये ५० पैसे अशी किंमत छापलेली होती. पण सोबत सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली घेतल्याशिवाय दुकानदार गोणी देईना. या बेकायदा प्रकाराला बाजारात ‘लिंकिंग’ म्हणतात. गोणी गाडीत टाकताना सर्वोच्च न्यायालयाचा ७ मे २०१० चा निकाल आठवला, कारण युरिया नैसर्गिक गॅसपासून बनतो आणि अशा गोणीमागच्या गॅसवर पहिला हक्क कोणाचा, हा प्रश्न त्या खटल्यातही होता.

तो वाद वरकरणी दोन अंबानी बंधूंच्या कंपन्यांमधला होता. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील डी-६ या गॅस क्षेत्राचा रोज २ कोटी ८० लाख घनमीटर गॅस मुकेश अंबानी यांच्या रिलायन्स इंडस्ट्रीजकडून १७ वर्षे, दर दहा लाख बीटीयूला (उष्णतेचे एकक) २.३४ डॉलर या भावाने मिळावा, हा अनिल अंबानी यांच्या रिलायन्स नॅचरल रिसोर्सेस (आरएनआरएल) कंपनीचा दावा कौटुंबिक समझोत्यावर उभा होता आणि जून २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो उचलूनही धरला. मात्र त्याआधीच, २००७ मध्ये सरकारने ४.२० डॉलरचा भाव मंजूर केला होता आणि २००८ मध्ये मंत्रिगटाने वाटपाचा क्रम लावला होता: आधी चालू खत कारखाने, मग एलपीजी, मग वीज, त्यानंतर शहरी गॅस. सर्वोच्च न्यायालयाने खासगी समझोत्यापेक्षा हे सरकारी धोरण वरचढ ठरवले.

खताला तेव्हा पहिला मान देण्यामागे भावनेपेक्षा रसायनशास्त्र अधिक होते. वीज कोळशावरही तयार होते. पण गॅसवर बांधलेल्या युरिया कारखान्यात गॅस हे केवळ इंधन नसते. त्यातल्या हायड्रोजनपासून अमोनिया बनतो आणि अमोनियापासून युरिया, त्यामुळे तिथे गॅस हाच कच्चा माल असतो. पुढे डी-६ चे उत्पादन घसरू लागले, तेव्हा २०११ मध्ये पोलादासारख्या उद्योगांचा पुरवठा आधी तोडला गेला.

तरीही या साऱ्या लढाईत शेतकरी पक्षकार म्हणून कुठेच नव्हता. अमेरिकेच्या १९७८ च्या नैसर्गिक गॅस धोरण कायद्याने सिंचनाचे पंप, धान्य वाळवणे, अन्नप्रक्रिया आणि खताचा कच्चा माल या वापरांना नावानिशी संरक्षण दिले. घरे, शाळा आणि रुग्णालये यांच्या पाठोपाठ त्यांचा क्रम लागला. अर्थात परवडणारे पर्यायी इंधन हाताशी असेल तर हे संरक्षण मिळत नसे, आणि शेतीला झुकते माप मिळाले म्हणून इतर औद्योगिक ग्राहक तिथेही न्यायालयात गेलेच. आपल्याकडचा अग्रक्रम मात्र कारखान्याच्या नावाने आहे. तो फाटकापर्यंत पोहोचतो, तिथून पुढे गोणीचा प्रवास खत नियंत्रण आदेशाच्या आणि दुकानदाराच्या हवाली.

लिंकिंगची तक्रार तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करता आली असती. काकांनी ती केली नाही, कारण युरियाचा दुसरा हप्ता आणायला त्याच दुकानात जायचे होते.