व्हर्सायची जाफरी आणि खाकी ड्रिल

व्हर्सायचा राजवाडा बघण्याची हौस आरसेमहालातच फिटली. पुढच्याच्या पाठीला नाक लावून पुढे सरकायचं आणि छताकडे पाहावं तर वर नुसते उंचावलेले मोबाइल. बागेत उतरलो तेव्हा कुठे श्वास मोकळा झाला. कारंज्यांचा दिवस असल्यामुळे बागेचं तिकीट वेगळं पडलं, पण ते पैसे मी आनंदानं दिले. एरवी बंद असणारे झाडीतले आडोसे, ज्यांना तिथे ‘बोस्के’ म्हणतात, अशा दिवशी उघडे असतात.

राजवाड्याकडे पाठ करून हिरवळीच्या कडेनं खाली उतरलं की उजव्या हाताच्या झाडीत एन्सेलादचा बोस्के लागतो. एन्सेलाद म्हणजे ग्रीक पुराणातला राक्षस; मधल्या कुंडात खडकांखाली अर्धा गाडला गेलेला त्याचा सोनेरी पुतळा आहे, त्याच्या तोंडातून २५ मीटर उंच फवारा उडतो. गास्पार मार्सी या शिल्पकारानं १६७५ ते १६७७ या काळात तो शिशात घडवला. गर्दी सगळी त्याच्याभोवती. माझे पाय मात्र कुंडाभोवतीच्या अष्टकोनी मांडवातच रेंगाळले. हिरव्या रंगाच्या लाकडी पट्ट्यांची जाफरी, तिच्याच कमानी, तिचंच छत. वेलीच्या पानांतून आणि चौकटींतून झिरपलेलं ऊन खाली खडीवर पडलेलं. पारंपरिक कामात चेस्टनटचं लाकूड फाडून कामट्या काढतात आणि त्या एकमेकींवरून जातात तिथे तारेनं आवळून बांधतात. इतक्या साध्या बांधणीतून कमानी आणि घुमट उभे करायचे म्हणजे हात केवढे तयार हवेत!

पॅरिसला राहणारी मावसबहीण सोबत होती. “याला त्रेयाज म्हणतात,” ताई म्हणाली, “आणि करणारा तो त्रेयाजर.” अठराव्या शतकात हा सुतारकामातला स्वतंत्र धंदा होता. रुबो नावाच्या पॅरिसच्या सुतारानं १७७५ साली त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. त्रेयाज आला ‘त्रेय’वरून, म्हणजे द्राक्षवेलीचा मांडव. त्याच्यामागे लॅटिन ‘त्रिखिला’, तोही मांडवच. नाशिक-तासगावच्या बागाईतदाराला हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. राजाच्या बागेतल्या या दिमाखाचं नाव शेतातल्या मांडवावरून पडलंय, हे मला फार आवडलं.

पण खरी गंमत परतताना कळली. फाटकाबाहेर बंदूकधारी सैनिकांची गस्त चालू होती. “त्यांच्या त्या कपड्यांना त्रेयी म्हणतात,” ताई म्हणाली. मी चमकलो, कारण जाळीलाही फ्रेंचमध्ये त्रेयीच म्हणतात. त्रेयाज आणि त्रेयी कानाला सख्खी भावंडं वाटतात, पण त्यांची कुळं वेगळी. त्रेयीचं मूळ लॅटिन ‘त्रिलिक्स’, म्हणजे तीन धाग्यांच्या विणीचं. त्यातला ‘त्रि’ आपल्याच ‘त्रि’चा भाऊबंद. आधी ते जाडंभरडं कापड होतं. पुढे तसाच विणल्यासारखा दिसणारा जाळीचा आडोसा त्या नावानं ओळखला जाऊ लागला, आणि इंग्रजीतला ‘ट्रेलिस’ त्यातूनच निघाला. इकडे कापडाचा अर्थही टिकला आणि जाडसर कपड्यांवरून सैनिकांच्या अंगावर गेला.

याच त्रिलिक्सचं जर्मनांनी ‘ड्रिलिख’ केलं आणि त्यावरून इंग्रजांनी ‘ड्रिल’ हे कापड आणलं. म्हणजे आमच्या शाळेची ती खाकी ड्रिलची अर्धी चड्डी, कांजी करून इस्त्री केली की उभी राहणारी, बागेतल्या ट्रेलिसची नातेवाईक निघाली! तिरप्या विणीच्या ट्विल कापडाचं नावसुद्धा तसंच, दोन धाग्यांवरून पडलेलं. गाडीची वाट बघत फलाटावर मी ताईला हेच परत परत सांगत होतो.

बाकीचं पॅरिस छान होतं, त्यावर इतरांनी भरपूर लिहिलंय. व्हर्सायला जाणार असाल तर कारंज्यांचा दिवस बघूनच जा आणि आधी बोस्के गाठा. आरसेमहालासाठी आम्ही रांगेत जो वेळ घालवला, तेवढ्यात त्याच आवारातल्या त्रियानों या छोट्या महालाच्या बाजूचा जाफरीचा मंडप सहज बघून झाला असता. तो राहिलाच, आणि त्याची हळहळ अजून आहे.