रोबोट आवाज काढू नका बाप्पा

एनव्हीडीए, म्हणजे न दिसणाऱ्यांले कॉम्प्युटरची स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, टाकलं की नवीन पोरं पहिले हेच विचारतात, दादा हा त्यातला ईस्पीक नावाचा रोबोट आवाज कसा काढू अन् गोड आवाज कसा टाकू. मी म्हणतो थांब जरा, कान बसू दे, मंग बोल.

ईस्पीकमध्ये कोणाचं रेकॉर्ड केलेलं बोलणं नाही, बहुतेक आवाज तो गणितानं जागेवरच बनवते, म्हणून कोरडा वाटते, पण म्हणूनच इतक्या भाषा थोड्याशा एमबीत मावते अन् जुन्या लॅपटॉपवर पण की दाबली की लगेच बोलते. मी बचत गटाचे हिशोब एक्सेलमध्ये करतो, ॲरो दाबत भराभर खाली जायचं असते, तिथं माणसासारखा आवाज दर सेलवर श्वास घेऊन राह्यला तर डोकं फिरते. अन् आमच्या दारव्ह्याकडं नेटवर्कचं काही सांगू नका. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमधले आरोही अन् मनोहर हे आवाज मराठी लय छान वाचतात, पण नेट गेलं की दोघंही चूप.

जुनी मंडळी इलोक्वेन्स नावाच्या दुसऱ्या आवाजाची तारीफ करतात. स्पीडला तो भारीच आहे, पण त्याले मराठीच येत नाही, मंग आपल्या काय कामाचा? इंग्रजीवाल्यांनी भांडावं त्याच्यावर.

लोक फुकट अन् मोकळं (ओपन सोर्स, म्हणजे कोणीही कोड पाहून बदलू शकते असं) एकच समजतात. फोनमधला गूगलचा मराठी आवाज फुकट आहे, रात्री पुस्तक ऐकायले मी तोच लावतो, गोड आहे, पण त्याची चाबी कंपनीकडं. ईस्पीक जोनाथन डडिंग्टननं 1995 मध्ये एकॉर्न कंपनीच्या कॉम्प्युटरसाठी सुरू केलं होतं, पुढं त्याचं काम थंडावलं तरी कोड मोकळा होता म्हणून 2015 च्या शेवटी दुसऱ्यांनी ईस्पीक एनजी नावानं ते पुढं नेलं. कंपनीनं आवाज बंद केला असता तर आपण काय केलं असतं, अर्ज?

आता ईस्पीकची मराठी काही गोड नाही हे मलेही मान्य. चारमधला च अन् चुलीतला च लिहायले एकच, मशीन अंदाज मारते अन् चुकते. कृतीदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली फाइल आली तर मात्र कोणताच आवाज कामाचा नाही, महागातला महाग घ्या, कचराच वाचणार, अन् आमच्याकडं अजूनही तशाच फायली येतात.

बारीकसारीक गोष्टी मात्र आपल्याच हातानं सुधरतात. 7/12 ले माझं मशीन सात स्लॅश बारा म्हणे, एनव्हीडीएच्या स्पीच डिक्शनरीत सातबारा टाकलं, काम झालं. ही युक्ती कोणत्याही आवाजाले चालते, पण ईस्पीकचे मराठी नियम तर साध्या टेक्स्ट फाइलीत उघडे पडलेत, तिथं केलेली दुरुस्ती पुढच्या व्हर्जनमध्ये सगळ्यांलेच मिळू शकते. आपल्याकडच्या गावांच्या नावाचा तो जो भुगा करते त्याची यादी मी करून राह्यलो, तुमच्याकडचीही नावं पाठवा, बरोबर उच्चार कसा तेही सांगा.