मोझार्टची दोन घरं : ठाण्याहून साल्झबुर्गला जाताना

ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गमध्ये संगीतकार मोझार्टची घरं दोन. ठाण्या-मुंबईतून निघणाऱ्या बऱ्याच सहली गेट्रायडेगासेमधल्या पिवळ्या घरासमोर फोटोपुरत्या थांबतात आणि नदीपलीकडच्या घराकडे फिरकतही नाहीत. संगीतासाठी जायचं तर ते दुसरं घर चुकवता कामा नये, म्हणून मी सगळा बेत त्याच्याभोवती आखला.

आधी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा. ज्या देशात मुक्काम जास्त, अर्ज त्या देशाकडे. म्युनिकला उतरून तिथेच जास्त रात्री राहणार असाल तर जर्मनीकडे, साल्झबुर्ग-व्हिएन्ना मुख्य असेल तर ऑस्ट्रियाकडे. हॉटेलच्या रात्री आणि अर्जातला देश जुळला नाही की प्रकरण अडतं. मोठ्यांची फी 90 युरो, व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. विमा किमान 30,000 युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. पासपोर्ट परतीनंतर किमान तीन महिने वैध आणि त्यात दोन कोरी पानं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मे महिन्याच्या सुट्टीत जायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट घ्या, नंतर मिळेनाशा होतात. जुलैअखेर ते ऑगस्ट हा काळ मात्र टाळावा. तिथला संगीत महोत्सव तेव्हाच असतो आणि हॉटेलं परवडत नाहीत.

व्हिएन्नाहून रेल्वेने साधारण अडीच तास. म्युनिकहून आलात तर बायर्न तिकीट (जर्मनीतल्या बव्हेरिया राज्याचं एका दिवसाचं तिकीट) साल्झबुर्ग स्टेशनपर्यंत चालतं, पण फक्त प्रादेशिक गाड्यांत, आणि कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतर. ते घेऊन जलद गाडीत बसलात तर दंड पडतो. शहरात साल्झबुर्ग कार्ड घ्यावं: दोन्ही घरांचा एकेकदा प्रवेश आणि शहरातल्या बस त्यात येतात.

पहिलं घर गेट्रायडेगासे 9. इथे दार उघडताच जावं, दुपारी जिन्यावरही गर्दी असते. तिसऱ्या मजल्यावर 27 जानेवारी 1756 रोजी मोझार्टचा जन्म झाला. 1880 पासून इथे संग्रहालय आहे. त्याचं लहानपणचं व्हायोलिन बघायला सगळे थांबतात. मी म्हणेन, क्लॅविकॉर्ड या पट्ट्यांच्या जुन्या वाद्यापाशी जास्त थांबा. दिसायला साधी पेटी, पण ‘द मॅजिक फ्लूट’ हा ऑपेरा यावर रचल्याची नोंद त्याच्या पत्नीने, कॉन्स्टान्झेने, करून ठेवली आहे. यात पट्टी दाबली की पितळी पातं तारेला लागतं आणि बोट उचलेपर्यंत टेकलेलंच राहतं. त्यामुळे दाबलेला स्वर बोटाने हलवता येतो, आपल्या रागसंगीतातल्या आंदोलनासारखा. पियानोत हातोडी आपटून मागे जाते, तिथे ही सोय नाही. आवाज मात्र खोलीबाहेर जेमतेम जातो. हे समजून पाहिलं की काचेमागची वस्तू वाजू लागते.

माकार्टश्टेग हा पादचारी पूल ओलांडून दहाएक मिनिटांत दुसरं घर, माकार्टप्लाट्झ 8. कुटुंब इथे 1773 मध्ये आलं. 1944 च्या बॉम्बहल्ल्यात इमारतीचा बराचसा भाग पडला, 1996 मध्ये मूळ आराखड्यानुसार पुन्हा उभा राहिला. तेव्हा जुन्या भिंतींची अपेक्षा ठेवू नये. इथला खरा ऐवज म्हणजे व्हिएन्नात मोझार्ट स्वतः वाजवत असे तो आंटोन वाल्टर या कारागिराने बनवलेला फोर्टेपियानो, म्हणजे पियानोचा जुना प्रकार, 1782 च्या सुमाराचा. पाच सप्तकं, 61 पट्ट्या. आजच्या पियानोला 88 असतात. वजन 85 किलोच्या आसपास, आजच्या मोठ्या कॉन्सर्ट पियानोचं पाचशेच्या घरात. हातोड्यांवर चामडं आणि पायाच्या पेडलऐवजी गुडघ्याने वर ढकलायच्या पट्ट्या: खाली वाकून त्या नक्की बघा. चामड्यामुळे स्वर स्पष्ट उमटतो आणि लवकर विरतो. मोझार्टच्या पियानोरचनांत इतके भराभर, सुटे स्वर का आहेत, हे या वाद्यापाशी कळतं.

निघण्यापूर्वी दोन रचना नीट ऐकून ठेवाव्यात. व्हायोलिन कॉन्चेर्टो क्रमांक 5, के. 219 (1775), आणि व्हायोलिन-व्हायोलाची सिन्फोनिया कॉन्चेर्टान्ते, के. 364 (1779). दोन्हींत ही वाद्यं वाद्यवृंदासोबत पुढे येऊन वाजतात; ‘के.’ म्हणजे मोझार्टच्या रचनांच्या यादीतला क्रमांक. दोन्ही साल्झबुर्गच्या, याच घरात कुटुंब राहत असतानाच्या. दुसरीतला मधला संथ भाग तरी इअरफोन लावून तिथे बसून ऐकाच. या घरासाठी किमान दोन तास ठेवा, पहिल्याला एक पुरतो.

तिकीट ऑनलाइन काढताना शहराचं नाव तपासा. व्हिएन्नात डोमगासे 5 इथेही मोझार्टचं घर आहे. 1784 ते 1787 तो तिथे राहिला. ते संग्रहालय वेगळं, तिकीट वेगळं, आणि साल्झबुर्ग कार्ड तिथे चालत नाही.