काय काम शे तठे?

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी आलेय, खान्देशात, अंमळनेरला. अडीच वर्षांनी. मागच्या अंगणातल्या निंबाला झोका बांधलाय, घरात गौराई बसलीय, गल्लीतल्या सगळ्या लेकी माहेरी आल्यात, कोणी सुरतहून, कोणी पुण्याहून, मी जर्मनीतल्या श्टुटगार्टहून, पण झोक्यावर चढलं की सगळ्या सारख्याच. आत्ता दुपारचे दोन वाजलेत, बाहेर बघवत नाही इतकं ऊन, म्हणून कूलरसमोर बसून हे लिहितेय. खूप दिवस लिहायचं होतं, पण आप्पांबरोबर काल जे झालं त्याच्याशिवाय ते पूर्ण झालं नसतं.

तिकडे गेल्यापासून दर शनिवारी सकाळी माझा घरी फोन असतो. सकाळीच का, तर नंतर मी कुठेतरी निघालेली असते. माय आमच्या अहिराणीत विचारते जेवनी का, थंडी शे का, आणि मग आप्पा फोन घेतात. कथी चालनी माय? मी सांगते, आप्पा, आज अमुक गावाला चाललोय सगळे. मग एक क्षण शांतता, आणि मग ठरलेला प्रश्न, काय काम शे तठे? म्हणजे तिथे काय काम आहे?

हा प्रश्न टोमणा नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं. आप्पांचं सगळं आयुष्य कापसात गेलं, कापसाला रविवार नसतो. ते घरातून निघाले की काहीतरी कामच असायचं. मार्केटला माल न्यायचा, बियाणं आणायचं, कोणाचं लग्न, कोणाच्या दारवर म्हणजे सांत्वनाला जायचं, आणि चैत्रात सप्तशृंगीला पायी, तेही देवीचं कामच. आम्हा भावंडांनाही तीच सवय. लहानपणी मी कधी कुठे नुसती फिरायला गेलेली मला आठवत नाही. मामाच्या गावाला जायचो, पण ते नात्याचं जाणं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मी श्टुटगार्टला उतरले. पहिले दोन महिने कागदांत गेले. पत्ता बदलला की दोन आठवड्यांत शहराच्या ऑफिसात नोंद करावी लागते, तो कागद मिळाला की मग टॅक्स नंबर, बँक, विमा, फोन, एकाला एक अडकलेलं. ते सगळं झालं, त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. कठीण गेला तो रविवार. दुकानं सगळी बंद, रस्त्यावर माणूस नाही, त्या दिवशी भिंतीत खिळासुद्धा ठोकायचा नाही असा नियम, आणि ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळं तासभर मागे गेली की पाच-सव्वापाचलाच अंधार. मी खिडकीत बसून राहायचे. इकडे आमच्या गल्लीत दार लोटलेलं दिसलं तरी लोक विचारायला येतात काय झालं म्हणून, आणि तिथे दोन दिवस माझा आवाज माझ्याच कानावर पडत नव्हता.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक पद्धत आहे, केअरवोखं म्हणतात, त्या श्वाबन भागातली खास. आठवडा वाटून दिलेला असतो, आपल्या दारावर पाटी लटकली की त्या आठवड्यात जिना आणि पुढचा रस्ता झाडायची पाळी आपली. माझी पाळी आली, मी शनिवारी सकाळी उठून खालपासून वरपर्यंत जिना झाडला, मग ओल्या फडक्याने पुसला, मायने शिकवलंय तसा कोपऱ्यांसकट. खालच्या मजल्यावरच्या आजी दार उघडून बघत उभ्या होत्या. काहीतरी बोलल्या, मला एक अक्षर कळलं नाही. मी जर्मनची बी वन लेव्हलची परीक्षा देऊन गेलेले, पण ती भाषा पुस्तकातली नव्हतीच. ती श्वाबनी बोली. प्रत्येक शब्दाला ले लावतात, छोटं घर म्हणजे हॉयस्ले, आणि श मध्ये सगळं बुडवून बोलतात.

तेव्हापासून मी शनिवारी बाहेर पडताना दिसले की आजी विचारायच्या, वो गोश ना? मला हे वाक्य समजायला तीन आठवडे लागले. त्याचा अर्थ, कुठे चाललीस. म्हणजे कथी चालनी! एका शनिवारी आप्पांनी फोनवर विचारलं आणि पाच मिनिटांनी जिन्यात आजींनी विचारलं, आणि मी तिथेच पायरीवर बसले, डोळे भरून आले एकदम.

बोलीचं इथे थोडं सांगते कारण मला ते फार लागलेलं आहे. पुण्यात हॉस्टेलला असताना मी अहिराणी बोलणं बंद केलं होतं. फोनवर मायशी बोलायचं तर गच्चीवर जायचे, कारण रूममधल्या मुली हसायच्या, शे आणि उना आणि जाई ऱ्हायनू यांची नक्कल करायच्या. आणि तिकडे श्टुटगार्ट ज्यात येतं त्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याने १९९९ पासून कितीतरी वर्षं स्वतःची जाहिरात केली ती या वाक्याने, आम्हाला सगळं येतं, शुद्ध जर्मन सोडून. मर्सिडीज आणि पोर्शच्या गावचे लोक आपल्या बोलीबद्दल मान वर करून हे सांगतात. मी ते वाचलं आणि दुसऱ्या दिवसापासून ट्रॅममध्ये मायशी मोठ्याने अहिराणी बोलायला लागले.

त्याच ट्रॅममध्ये ग्रुप मिळाला. फोन ठेवला तर मागून आवाज आला, ताई, धुळं का जळगाव? मागे वळले तर चोपड्याचा मुलगा, तिथे मास्टर्स करतोय. त्याच्यामुळे लातूर भेटली, लातूरमुळे कोल्हापूर आणि साताऱ्याचं जोडपं. आम्ही एकमेकांना गावावरूनच हाक मारतो, ए चोपडा, ए लातूर, मी अंमळनेर. आणि दर शनिवारी फिरायचं हे ठरलं ते तिकिटामुळे. मे २०२३ मध्ये जर्मनीने सगळ्या देशासाठी एक महिन्याचं तिकीट काढलं, तेव्हा ४९ युरो होतं, २०२५ ला ५८ झालं, २०२६ ला ६३. त्यात फास्ट गाड्या सोडून सगळ्या लोकल, रिजनल, ट्रॅम, बस कुठेही जाता येतं. ऑफिसला जाण्यासाठी ते काढावंच लागतं, मग शनिवारी घरी बसलं काय आणि दोनशे किलोमीटर गेलं काय, पैसे तेवढेच.

पहिली ट्रिप बाड उराखचा धबधबा. ३७ मीटर वरून पाणी पडतं, आणि खाली बीच नावाच्या झाडांची पानं सगळी तांबडी झालेली. मला तिथे पहिला अर्धा तास काय करायचं तेच समजेना. देव नाही, नातेवाईक नाही, खरेदी नाही. कोल्हापूर म्हणाला, बस गं शांत. बसले. दोन तास बसलो आम्ही, चपातीचा रोल खाल्ला, फार बोललोही नाही. येताना ट्रेनमध्ये मला इतकी गाढ झोप लागली, जर्मनीत आल्यापासून तशी लागली नव्हती.

आणि भरिताची ट्रिप! तिकडच्या जंगलांत चुली बांधून ठेवलेल्या असतात, ग्रिलप्लात्स म्हणतात, दगडाचा गोल आणि वर लोखंडी जाळी, कोणीही जाऊन भाजावं. मला वर्षभर भरीत खायला मिळालं नव्हतं. ओव्हनमधलं वांगं म्हणजे उकडलेलं वांगं, त्याला भरीत म्हणवत नाही, भरिताला धूर पाहिजे. आपल्याकडची हिरवी-पांढरी लांबडी भरिताची वांगी तिथे कुठून मिळणार, २०१६ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं आपलं जळगावचं वाण आहे ते. तुर्की दुकानातून जाडी जांभळी घेतली. तुराट्या नाहीत, पऱ्हाट्या नाहीत, तर बीचच्या सुकलेल्या काटक्या. चोपडा आणि मी दोघं चुलीजवळ, बाकीच्यांना हात लावू दिला नाही. लसूण, हिरवी मिरची, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात सगळं घरून नेलेलं, बडगी नव्हती म्हणून जाड बुडाच्या पातेल्यात लाटण्याने ठेचलं. कळण्याचं पीठ मायने पाठवलेलं, भाकरी पहाटेच थापून नेल्या होत्या, कडक झाल्या पण चव तीच. लातूरने पहिला घास घेतला आणि म्हणाली, अगं हे वांग्याचंच आहे का. चोपडा काहीच बोलला नाही, जेवत राहिला, मग हात धुवायला म्हणून झऱ्याकडे गेला आणि बराच वेळ आला नाही. कोणी त्याला हाक मारली नाही.

उल्मला गेलो ते चर्च बघायला. १३७७ ला बांधायला घेतलं आणि १८९० ला पूर्ण झालं, १६१ मीटरचं शिखर, २०२५ ला बार्सिलोनाच्या चर्चने मागे टाकेपर्यंत जगातलं सगळ्यात उंच चर्च. वरपर्यंत ७६८ पायऱ्या. हे मी आप्पांना फोनवर सांगितलं तर पाचशे वर्षं एक काम चाललं या गोष्टीवर ते पुढचे दोन फोन बोलत होते. कोण आजोबाने पाया घातला आणि कोणाच्या नातवाच्या नातवाने कळस चढवला, असं. तेव्हा पहिल्यांदा त्यांनी काय काम शे हे विचारलं नाही.

उल्मच्या जवळच ब्लाउबॉयरन म्हणून गाव आहे. तिथे डोंगराच्या पायथ्याशी एक कुंड आहे, वीसेक मीटर खोल आणि पाणी इतकं निळं की कोणी नीळ टाकलीय असं वाटतं. चुनखडीच्या डोंगरातून झिरपून येतं, त्यातले अगदी बारीक कण निळा प्रकाश विखुरतात म्हणून तसं दिसतं. मला आपलं अडावदजवळचं उनपदेव आठवलं, तिथलं पाणी गरम, इथलं बर्फासारखं. पण त्या गावात खरी गोष्ट आहे म्युझियममध्ये. आजूबाजूच्या गुहांमध्ये हिमयुगातल्या माणसांनी केलेल्या वस्तू सापडल्यात, २०१७ ला त्या गुहा जागतिक वारशात गेल्या. त्यातल्या एका गुहेत २००८ ला गिधाडाच्या हाडाची बासरी निघाली, ३५ ते ४० हजार वर्षं जुनी, पाच भोकं पाडलेली. काचेपुढे मी किती वेळ उभी होते माहीत नाही. एवढ्या थंडीत, अन्नाची मारामार असताना कोणीतरी हाड घासत बसलं होतं, सूर निघावा म्हणून.

त्या रात्री घरी येऊन शोधत बसले, आपल्याकडे असं काय आहे. आणि सापडलं ते पाटणे. आपलं चाळीसगाव तालुक्यातलं पाटणे, पाटणादेवीचं! १९७० च्या दशकात तिथे उत्खनन झालं, त्यात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला कवचाचा तुकडा मिळाला, साधारण २५ हजार वर्षांपूर्वीचा. खान्देशात शहामृग होते आणि त्याच्या अंड्यावर कोणीतरी आडव्या-तिरप्या रेघांची जाळी कोरली होती, आणि मी खान्देशातली असून मला ते परदेशात बसून कळलं. भास्कराचार्यांचं नाव पाटण्याशी जोडलेलं आहे एवढं शाळेत ऐकलं होतं, त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा १२०७ चा शिलालेख तिथे आहे. पण मी कधी गेलेच नव्हते. घरून दोन-अडीच तासांचा रस्ता. कधी काम पडलं नाही.

म्हणून परवा आप्पांना म्हटलं, उद्या पहाटे पाटण्याला जाऊ. ते म्हणाले, काय काम शे तठे? मी म्हटलं, काही नही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मायला म्हणाले, दशम्या बांध.

पाच वाजता जीपने निघालो, ऊन चढायच्या आत पोचलो. दिवस असे की धवलतीर्थाचा धबधबा कोरडा, डोंगर पिवळा पडलेला, पण पळस अजून कुठे कुठे लाल होता. जुन्या महादेवाच्या मंदिरात दगडावर हात फिरवत आप्पा बराच वेळ फिरले, सांधे बघत होते, चुना नाही काही नाही कसं बसवलं असेल म्हणत. तरुणपणी बैल घ्यायला ते चाळीसगावच्या बाजारात चार-पाचदा आलेले, तिथून इथवर कधी आले नाहीत. मी शहामृगाचं सांगितलं. ते डोंगराकडे बघत म्हणाले, आठे? आणि मग हसले, लहान मुलासारखे. देवीचं दर्शन घेऊन खाली झाडाखाली बसलो, दशम्या खाल्ल्या, लसणाची चटणी, कैरी. मायने पाय पसरले आणि तिला तिथेच डुलकी लागली.

तेवढ्यात आप्पांचा फोन वाजला. काका होते, शेतावरून. कुठे आहेस विचारलं असणार, आप्पा म्हणाले पाटणादेवीले शे. मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

आप्पा म्हणाले, "काही काम नही रे. असाच उनू."