हात कुठे ठेवायचा?

फुटबॉलमध्ये बाजूने क्रॉस, म्हणजे गोलसमोर मारलेला चेंडू, येणार असं दिसलं की हल्लीचा बचावपटू आधी हात पाठीमागे नेतो आणि मग पाय हलवतो. एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरलेलं, छाती पुढे, मान किंचित तिरकी. वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखा. पाहायला गंमत वाटते, पण करायला हे महाकठीण. धावताना उजवा पाय पुढे पडला की डावा हात आपोआप पुढे येतो. झटकन वळताना हात शरीर तोलतात, हेडरला उडी मारताना दोन्ही हात खालून वर झोका घेतात. ते पाठीशी बांधले की पहिली पावलं आखूड पडतात, उडी कमी पडते आणि समोरच्याने अचानक आत कट मारला तर तोलच जातो. चलाख विंगरला, म्हणजे कडेने चढाई करणाऱ्या खेळाडूला, हे पक्कं ठाऊक असतं. समोरच्याचे हात मागे गेले रे गेले की तो क्रॉसची नुसती हूल देऊन निघून जातो. म्हणजे बॉक्समध्ये, गोलसमोरच्या आखलेल्या चौकोनात, चेंडू हाताला लागून होणारी पेनल्टी टाळायची तर हात मागे हवेत आणि गोल टाळायचा तर मोकळे.

बचावपटूंवर ही पाळी व्हीएआरने, म्हणजे रिप्ले पाहून रेफरीच्या चुका दाखवणाऱ्या व्हिडिओ यंत्रणेने आणली, असं सर्रास म्हटलं जातं. हा आरोप अर्धाच खरा आहे. हँडबॉलमध्ये, म्हणजे चेंडू हाताळण्याच्या गुन्ह्यात, मुळात दोन प्रश्न असतात. चेंडू हाताला लागला का, हा पहिला. आणि तो हात तिथे काय करत होता, हा दुसरा. कॅमेऱ्याने पहिला प्रश्न जवळपास निकालात काढला. दुसऱ्याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतंच, पण पहिल्याचं उत्तर इतकं लख्ख मिळायला लागलं की दुसरंही तसंच मिळेल अशी सगळ्यांची समजूत झाली.

नियम मात्र सुरुवातीलाच सांगून मोकळा होतो की हाताला लागलेला प्रत्येक चेंडू हा गुन्हा नाही. हे बाराव्या नियमात आहे. गुन्हा तीन प्रकारे होतो. खेळाडूने मुद्दाम चेंडू हाताळला, म्हणजे उदाहरणार्थ हात चेंडूकडे नेला, तर. हात अशा ठिकाणी ठेवला की शरीर अनैसर्गिकरीत्या मोठं झालं, तर. आणि स्वतःच्या हाताने थेट, किंवा हाताला लागल्यावर लगेच, गोल केला तर. इथे अपघात झाला ही सबब चालत नाही. पहिला आणि तिसरा प्रकार फारसा छळत नाही. सगळी भांडणं मधल्या प्रकारावर. शरीर मोठं झालं की नाही हे ठरवताना रेफरीने पाहायचं ते असं, की त्या विशिष्ट क्षणी खेळाडूची जी हालचाल चालू होती तिच्या ओघात हात तिथे गेला का? गेला असेल तर माफ, नसेल तर शिट्टी.

आता हात म्हणजे नेमका कुठून, तेही ठरवावं लागलं. 2020 पासून काखेच्या खालच्या टोकाशी येणारी पातळी ही हद्द धरतात. त्याच्या वर खांदा, खाली हात. रेघ ओढल्याने चित्रावर मोजायला सोय झाली. पण काख ही काही जर्सीवर छापलेली रेघ नव्हे. हात वर उचलला की तीही वर सरकते, आणि खांद्याच्या गोलाईवर घासून गेलेला चेंडू रेघेच्या कुठल्या बाजूचा, यावर पुन्हा दोन मतं पडतात.

2019 पर्यंत हे प्रकरण पुष्कळ साधं होतं. हाताळणं मुद्दाम असलं पाहिजे, एवढीच मुख्य अट. बाकी अंतर, हाताची जागा, हाताची हालचाल वगैरे रेफरीने विचारात घ्यायचं. नियम ठरवणाऱ्या आयफॅबला वाटलं की हेतू कॅमेऱ्यात दिसत नाही, तेव्हा दिसेल असं काहीतरी लिहावं. त्याचा परिणाम मँचेस्टर सिटीने एकाच मैदानावर, एकाच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध, चार महिन्यांत दोनदा भोगला. एप्रिल 2019 मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत टॉटनहॅमच्या लॉरेंतेने कमरेने गोल केला. वाटेत चेंडू हाताला पुसटसा लागला का, हे रेफरी चाकिर यांनी मैदानाकडेच्या मॉनिटरवर पाहिलं आणि गोल कायम ठेवला. सिटी स्पर्धेबाहेर. ऑगस्टमध्ये तेच सिटीचं एतिहाद मैदान, तेच टॉटनहॅम. भरपाई वेळेत सिटीच्या गॅब्रिएल जेझुसने गोल केला, सगळे नाचले, आणि मग कळलं की त्याआधी चेंडू त्याचा सहकारी लापोर्तच्या हाताला लागून गेला होता. मधल्या काळात नियम बदललेला. आक्रमक संघातल्या कुणाच्याही हाताला अपघाताने लागून गोल झाला तरी तो रद्द. सामना 2-2 राहिला. पुढे 2021 मध्ये आयफॅबने पुन्हा कूस बदलली. सहकाऱ्याच्या हाताला अपघाताने लागलं तर चालेल, गोल करणाऱ्याच्या स्वतःच्या हाताला लागता कामा नये. आजच्या नियमाने जेझुसचा तो गोल धरला गेला असता. यात कॅमेऱ्याची चूक तसूभरही नाही. त्याने दोन्ही वेळा जे घडलं तेच दाखवलं.

व्हीएआरच्या खोलीत काय चालतं ते एकदा नीट समजून घेतलं पाहिजे, कारण बरीचशी चिडचिड तिथल्या कामाच्या गैरसमजातून होते. व्हीएआर म्हणून नेमलेला रेफरी, त्याचे साहाय्यक आणि रिप्ले काढून देणारा ऑपरेटर असे लोक पडद्यांसमोर बसलेले असतात. 2018 च्या रशियातल्या विश्वचषकात ही खोली मॉस्कोत होती आणि आतली मंडळी मैदानात उतरणार असल्यासारखी रेफरीच्या पूर्ण वेशात बसलेली दिसायची. त्याचं प्रयोजन काय ते त्यांनाच ठाऊक. ढवळाढवळ करायची मुभा चारच बाबतींत. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि कार्ड भलत्याच खेळाडूला दिलं जाणं. प्रत्येक गोल आणि प्रत्येक संशयास्पद पेनल्टी आपोआप तपासली जाते, कुणी मागणी करावी लागत नाही. उलट हवेत चौकोन काढून वारंवार मागणी करणाऱ्या खेळाडूला पिवळं कार्ड मिळतं. खोलीतला हा रेफरी ‘मी काय दिलं असतं’ असं स्वतःला विचारतच नाही. मैदानावरचा निर्णय उघडउघड, ढळढळीत चुकला आहे का, एवढंच त्याने पाहायचं. तसं वाटलं तर तो मैदानावरच्या रेफरीला मॉनिटरकडे बोलावतो. शेवटचा शब्द मैदानावरच्या रेफरीचाच. पण तिथवर चालत गेलेला रेफरी आपलंच म्हणणं कायम ठेवून परतला, असं फार कमी वेळा घडतं. चूक झाली आहे असं आधीच कानात सांगितलेलं असतं, मागे हजारो लोक शिट्ट्या मारत असतात आणि पडद्यावर हात आणि चेंडू एकमेकांना चिकटलेले असतात.

चिकटलेल्या या चित्रातच खरी मेख आहे. व्हीएआरच्या कार्यपद्धतीत याबद्दल एक फार शहाणं कलम आहे, पण ते फार कमी जणांच्या ध्यानात असतं. चेंडू हाताला नेमका कुठे लागला हे पाहायला स्लो मोशन वापरावी. तो गुन्हा होता का हे ठरवायला मात्र नेहमीचा वेग. कारण साधं गणित आहे. ताशी 90 किलोमीटरने मारलेला चेंडू सेकंदाला 25 मीटर जातो. तीन मीटरवर उभ्या असलेल्या बचावपटूपर्यंत पोचायला त्याला 0.12 सेकंद लागतात. माणसाला नुसतं दिसून प्रतिक्रिया सुरू व्हायलाच सुमारे 0.2 सेकंद हवेत. म्हणजे हात मागे घ्यायचं मनात येण्याआधीच चेंडू लागलेला असतो. हेच दृश्य आठपट हळू दाखवा. 0.12 सेकंदांचा जवळपास एक पूर्ण सेकंद होतो. त्या सेकंदात चेंडू संथ तरंगत येतो, बचावपटू त्याच्याकडे पाहतो आहे असं दिसतं, हात जागचा हलत नाही, आणि पाहणारा म्हणतो, ‘अरे, घेता आला असता की मागे!’ चित्र गोठवलं तर आणखी घोटाळा. उडी मारताना वर झोका घेणारा हात आणि चेंडू अडवायला वर केलेला हात थांबलेल्या चित्रात हुबेहूब सारखे दिसतात. हालचाल चालू असेल तरच ती ओघातली होती की नव्हती हे कळणार, आणि गोठवलेल्या फ्रेममध्ये नेमकी तीच नसते.

सप्टेंबर 2020 मध्ये न्यूकॅसलविरुद्ध टॉटनहॅमचा एरिक डायर याचाच बळी ठरला. अँडी कॅरलने हेडर मारला तेव्हा डायरची पाठ त्याच्याकडे होती. तोही उडी मारत होता, हात वर होते, आणि मागून आलेला चेंडू हाताला लागला. रेफरीने मॉनिटर पाहून पेनल्टी दिली, सामना बरोबरीत सुटला. पाठीला डोळे नसलेल्या माणसाने काय करायला हवं होतं, याचं उत्तर कुणालाच देता येईना. त्यानंतर इंग्लंडमध्ये नियमाची अंमलबजावणी जरा सैल केली गेली.

2018 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातलं दृश्य या बाबतीत जास्त बोलकं आहे. फ्रान्स-क्रोएशिया, 1-1. ग्रीझमनचा कॉर्नर, पुढे उडी मारलेल्या फ्रान्सच्या मातुइदीचा हेडर हुकला आणि त्याच्या मागे असलेल्या क्रोएशियाच्या पेरिसिचच्या हाताला चेंडू लागला. अर्जेंटिनाचे रेफरी नेस्तोर पिताना मॉनिटरवर गेले, पाहिलं, मैदानाकडे निघाले, थबकले आणि पुन्हा मागे जाऊन पाहू लागले. मग पेनल्टी. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात व्हीएआरने दिलेली ती पहिली पेनल्टी. ग्रीझमनने गोल केला आणि फ्रान्सने सामना 4-2 असा जिंकला. दुसऱ्यांदा मागे वळताना पितानांना चेंडू लागला की नाही याबद्दल शंका असणं शक्यच नव्हतं. ते दुसऱ्या प्रश्नाशी झगडत होते. मातुइदी मधे आल्याने पेरिसिचला चेंडू उशिरा दिसला, पण हात खाली येताना चेंडूच्या वाटेत होता. दोन्ही बाजूंनी बोलता येतं. माझ्या मते इतका वेळ लागला याचाच अर्थ चूक ढळढळीत नव्हती.

आता चेंडूच्या पोटात सेन्सर आला आहे. तो सेकंदाला 500 वेळा नोंद करतो. युरो 2024 मध्ये डेन्मार्कच्या अँडरसनच्या बोटांना जर्मनीच्या राउमचा क्रॉस पुसटसा लागला, आणि क्रिकेटच्या स्निकोसारखा आलेख पडद्यावर उंचावला. जर्मनीला पेनल्टी, हावर्ट्झचा गोल. पुढच्याच फेरीत त्याच जर्मनीच्या मुसियालाचा फटका स्पेनच्या कुकुरेयाच्या हाताला सणसणीत लागला, सगळ्यांनी पाहिला, आणि पेनल्टी मिळाली नाही. दोनेक महिन्यांनी युएफाच्या, म्हणजे युरोपीय फुटबॉल संघटनेच्या, रेफरी समितीचं मत बाहेर आलं, की ती द्यायला हवी होती. बोटाला निसटता लागला तिथे शिक्षा, हातावर आदळला तिथे माफी. सेन्सरने दोन्हीकडे काम चोख बजावलं असतं, आणि दोन्हीकडे निर्णय शेवटी माणसाच्या अंदाजानेच झाला.

या सगळ्याला इतकी धार येते ती शिक्षेच्या वजनामुळे. चार पेनल्ट्यांतल्या साधारण तीन गोलात जातात. बॉक्सच्या कोपऱ्यात, गोलकडे पाठ असताना, कुठेही न जाणारा चेंडू कोपराला घासून गेला तरी शिक्षा तीच, जी 2010 मध्ये गोलरेषेवर दोन्ही हातांनी चेंडू अडवणाऱ्या सुआरेझच्या उरुग्वेला झाली. त्याला लाल कार्डही मिळालं, ही गोष्ट वेगळी. आणि घानाच्या ग्यानने पेनल्टी क्रॉसबारवर मारली, ही आणखी वेगळी. 2024 मध्ये कार्डांच्या बाबतीत थोडं शहाणपण आलं. मुद्दाम नसलेल्या हँडबॉलने गोलची उघड संधी हुकली आणि पेनल्टी दिली गेली, तर आता लाल नव्हे, पिवळं कार्ड. पेनल्टी मात्र तशीच राहिली.

मुद्दाम नसलेल्या हँडबॉलला बॉक्समध्ये अप्रत्यक्ष फ्री किक द्यावी, असं मला वाटतं. अशी किक नियमात आधीपासून आहेच. सहकाऱ्याने पायाने दिलेला पास गोलरक्षकाने हातात घेतला की ती मिळते, आणि मग अख्खा संघ गोलरेषेवर भिंत करून उभा राहतो. ते दृश्य मोठं बहारीचं असतं. शिक्षा हलकी झाली की पाठीमागे बांधलेले हातही सुटतील. अडचण एकच आहे. मुद्दाम की अपघात, यावर एवढा मोठा फरक पडणार असेल, तर हात वर झाला की बचावपटू शपथेवर सांगेल की झोका होता, विंगर सांगेल की अडवलं, आणि रेफरीला दोघांपैकी कोण खरं बोलतोय ते ठरवायला त्याच मॉनिटरसमोर उभं राहावं लागेल.