मोरीचा उंबरा

एकाच्या खुब्याची तुलना दुसऱ्याच्या खुब्याशी करू नये, हे मी घरोघरी फिजिओथेरपी करताना सांगत आले आहे. त्या दिवशी ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका घरात शिरले तेव्हा नेमकी तीच तुलना चालली होती.

काकू ७८ वर्षांच्या. आषाढात पहाटे मोरीत पाय घसरून पडल्या आणि डाव्या मांडीचं हाड खुब्याच्या जरा खाली मोडलं. ऑपरेशन करून आत रॉड आणि स्क्रू बसवले. सोसेल तेवढं वजन टाकायला सर्जननी लगेच परवानगी दिली होती. इमारत जुनी, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या घरी त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी उचलून आणलं होतं. पडल्याला आता आठ आठवडे होत आले होते आणि गणपती तोंडावर आले होते.

मुलगा दारातच म्हणाला, "डॉक्टर, घोडबंदर रोडच्या आमच्या मावशीचं हिपचं ऑपरेशन आईच्या नंतर झालं. ती काठी घेऊन मॉलमध्ये फिरून आली. आई अजून वॉकरवर. आमचं काही चुकतंय का?"

तो काळजीपोटीच विचारत होता. पण आतल्या खोलीत काकूंना सगळं ऐकू जात होतं. मी आत गेले तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. "ताई, आजपासून येऊ नका तुम्ही. पोराचे पैसे फुकट चाललेत."

मी मुलाला आत बोलावलं आणि दोघांसमोर कागदावर दोन खुबे काढले. मावशींचा सांधा झिजला होता. ऑपरेशनची तारीख आधी ठरलेली, शरीराची आणि मनाची तयारी झालेली. झिजलेला गोळा आणि वाटी काढून तिथे कृत्रिम सांधा बसवला. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२ साली धातूचा गोळा आणि प्लास्टिकची वाटी वापरून जी पद्धत रुळवली, तिचीच ही पुढची रूपं. मावशींचं हाड मोडलेलं नव्हतं, त्यामुळे सांधा बसला की चालायला मोकळं. काकूंचं तसं नाही. त्यांचा रॉड मोडलेलं हाड जागेवर धरून ठेवतो, सांधायचं काम हाडालाच करावं लागतं. त्याला तीन-चार महिने लागतात, या वयात जास्तही. शिवाय रॉड आत घालतात तो हाडाच्या वरच्या टोकातून, आणि तिथेच कंबर तोलणारा बाजूचा स्नायू चिकटलेला असतो. एका पायावर उभं राहताना कंबर दुसरीकडे कलू न देणं हे त्याचं काम. साधं चालतानासुद्धा खुब्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो. मग हा स्नायू दुखावलेला माणूस लंगडेल नाही तर काय करेल?

मुलगा बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. "हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही," म्हणाला. मला याचंच वाईट वाटतं. "धीर धरा" सगळेच सांगतात. आत नक्की काय चाललंय, ते कुठवर आलंय, हे सांगायला कुणी थांबत नाही. नुसता धीर कुठवर धरायचा माणसानं?

काकूंच्या बाबतीत मात्र मला आणखी एक गोष्ट खटकत होती. खुर्चीतून हात न टेकता उठणं त्यांना जमू लागलं होतं. ओट्याला धरून डाव्या पायावर क्षणभर तोलही सांभाळता येत होता. पायात जेवढी ताकद आली होती, तेवढं चालणं दिसत नव्हतं. आणि स्वयंपाकघरातून मोरीच्या दिशेनं गेलो की दाराच्या दोन पावलं अलीकडे त्या दर वेळी वॉकर वळवायच्या. "दमले" म्हणायच्या. शौचाला खोलीतच कमोडची खुर्ची होती, आणि देखभालीला ठेवलेली ब्यूरोची बाई कॉटवरच अंग पुसून द्यायची.

"काकू, आज व्यायाम नको," मी म्हटलं. "कुठे पडलात ते फक्त दाखवा मला."

त्या खूप वेळ काही बोलल्या नाहीत. मग उठल्या.

जुन्या घरातली मोरी ती. दाराला दोन-अडीच इंचांचा उंबरा, आतली फरशी बाहेरच्यापेक्षा खाली, आणि वॉकर आत मावणार नाही इतकं अरुंद दार. काकू उंबऱ्यापाशी उभ्या राहिल्या आणि वॉकरवरचे त्यांचे हात थरथरू लागले. मी मागे, डाव्या बाजूला, कमरेला हात लावून उभी होते. तिथे उभ्या उभ्याच त्यांनी पहिल्यांदा सगळं सांगितलं. "नळ चालू होता गं. बादली भरून वाहत होती आणि मला हात पुरेना. पाणी वाया चाललंय, आवाजानं पोरं उठतील, हेच मनात. पाय मोडलाय हे नंतर कळलं."

त्या दिवशी आम्ही तेवढा उंबराच केला. फरशी कोरडी पुसून घेतली, आत रबरी मॅट घातली, रुंद पायांचं स्टूल भिंतीला टेकवून ठेवलं. मुलाला आत उभं केलं, काकूंना धरायला त्याचा हात. आधी नुसतं उंबऱ्याकडे बघत उभं राहायचं. मग डाव्या पायाचा चवडा उंबऱ्यावर टेकवून परत घ्यायचा. मग नियम पाठ: उतरताना दुखरा पाय आधी, चढताना चांगला आधी. काकू तो स्तोत्रासारखा पुटपुटत होत्या. मध्येच खुर्ची आणून बसवलं, पाणी दिलं. मला पुढे पाचपाखाडीला जायचं होतं, तिथे फोन करून उशीर होईल म्हणून कळवलं. असा दिवस पुन्हा मिळत नाही, तो घड्याळासाठी सोडायचा नसतो.

शेवटी डावा पाय आत गेला. मागून उजवा. काकू स्टुलावर बसल्या आणि त्यांनी आधी नळाची चावी फिरवून बघितली, घट्ट बंद आहे ना म्हणून. मग मुलाला म्हणाल्या, "गौरींच्या आधी मला माझ्या हातानं अंघोळ करायचीय. पुसलेल्या अंगानं नैवेद्याला हात नाही लावणार मी." मुलाला बोलवेना.

दुसऱ्याच दिवशी प्लंबर आला. मोरीत धरायला चिकटवायच्या रबरी कपांच्या दांड्या मी घेऊ दिल्या नाहीत, त्या ऐन वेळी सुटतात. भिंतीत भोकं पाडून स्टीलच्या बसवल्या. गौरी आल्या त्या सकाळी काकूंनी स्टुलावर बसून स्वतः अंघोळ केली, बाई दाराबाहेर उभी होती आणि कडी लावलेली नव्हती. पुरण सुनेनं वाटलं, काकूंनी खुर्चीत बसून पोळ्यांचे उंडे भरले.

तीन महिन्यांच्या एक्सरेत हाड बऱ्यापैकी जुळून आलं होतं, पूर्ण नाही. सर्जननी काठी दिली. मुलगा ती दुखऱ्या बाजूच्या हातात देत होता, तसं बहुतेकांना वाटतं. ती उजव्या हातात धरायची, म्हणजे डाव्या खुब्यावरचा भार कमी होतो. साध्या पडण्यानं हाड मोडलं म्हणजे ते ठिसूळ झालेलं असणार, त्याचे उपचारही सर्जननी सुरू केलेत. हे औषध मध्येच सोडू नका, असं मी दोघांना बजावून ठेवलंय, कारण एकदा खुबा मोडलेल्या माणसाचं दुसरं हाड मोडायची भीती जास्त असते.

संध्याकाळी दमल्यावर काकू अजून लंगडतात, आणि ते वर्षभरही राहू शकतं, हे त्यांना माहीत आहे. आता त्यांना जिना हवाय. १८९३ साली सुरू झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या त्या जुन्या सभासद. मुलगा पुस्तकं बदलून आणतो ती त्यांची वाचून झालेली निघतात. स्वतः कपाटासमोर उभं राहून निवडायचीत त्यांना. सध्या कठडा धरून जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत उतरतो, तिथे खुर्ची ठेवलीय, बसतो आणि वर येतो. पुढच्या आठवड्यात त्याच्या खालच्या पायऱ्या घेणार आहोत.